पहिल्या सिनेमाचे काका

"काढा ना जी तो हात मधातून. आम्हाला काय लेकरं पोस्टानं आली?"

नागपूरच्या आजी हे शेजारच्या काकूंच्या कानात म्हणाल्या. पण त्यांना स्वतःला कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांची कुजबुज अख्ख्या बेसमेंटला ऐकू जायची. मी पडद्यामागे, गरम पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसले होते. समोरच्या भिंतीवर फ्रान्समधली एक मुलगी आणि एक सायकलवाला एकमेकांच्या फार जवळ आले होते, आणि आता त्यांच्या जागी, प्रोजेक्टरपुढे धरलेल्या काकांच्या पंजाची सावली होती. भिंतभर बोटं, त्यातल्या एकावर अंगठीचा फुगवटा. पंजाच्या कडेने सायकलचं एक चाक तेवढं दिसत होतं. काका माइकवर शांतपणे सांगत होते, "दोघं बोलत आहेत. अजून बोलत आहेत. बोलणं संपलं."

मग पंजा निघाला. मुलगी घरी चालली होती आणि तिचे केस विस्कटलेले होते.

"फारच बोलतेत बाई ही माणसं," आजी म्हणाल्या.

हे काका म्हणजे आमचे घरमालक. अमेरिकेत, पार्सिपनीत, त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. पुण्याहून कंपनीने पाठवलं होतं. माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. त्यात बोलावं लागत नाही, टाइप करावं लागतं, म्हणून मला ते आवडतं. काका एका औषध कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेले केमिस्ट. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला. घर मोठं होतं आणि त्यात काका एकटेच, पण एकटा माणूस वावरतो तसे ते वावरत नसत. सगळी लॅब अजून आजूबाजूला काम करतेय अशा थाटात वावरत.

मी खोली बघायला गेले तेव्हा दारातच त्यांनी विचारलं, "स्वच्छता कशी आहे?"

"मी खूप स्वच्छ राहते," मी म्हणाले.

"कशावरून?"

मी गप्प उभी राहिले. काकांनी किल्ली हातात दिली. पुढे कधीतरी म्हणाले, "तुमच्या आधी जे आले त्यांनी पुरावे दिले. एकाने तर फोनवर आईशी बोलायला लावलं. पुरावा नसताना गप्प बसणारं माणूस घरात चालतं."

ते मला शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणाले. मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान. इथल्या मराठी मंडळातले बाकीचे काका पहिल्याच भेटीत 'अगं'वर येतात आणि दुसऱ्या भेटीत लग्नाचं विचारतात. आमच्या काकांनी माझ्या लग्नाचा विषय कधीच काढला नाही. एकदा कोणीतरी त्यांच्यासमोर काढला, तेव्हा ते म्हणाले, "त्यांचा डेटा माझ्याकडे नाही," आणि चहा ओतू लागले.

कांदा चिरताना ते लॅबचा पांढरा कोट आणि डोळ्यांना सेफ्टी गॉगल घालत. त्याच अवतारात दार उघडत. पार्सल घेऊन येणारी माणसं पायरीवर खोकं ठेवून हळूहळू मागे सरकत. स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर लेबलं होती. मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि खाली 'चाखून पाहिले'. साखरेच्या बरणीवर 'साखर' आणि खाली 'चाखून पाहिली'. हळदीच्या बरणीवर नुसतंच 'हळद'. ती बघूनच कळते, तिथे खात्रीची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. बर्फ पडला की ड्राइव्हवेवरचा बर्फ ते आपल्या गाडीच्या रुंदीएवढाच काढत. बाकीचा सूर्याचा.

रविवारी सकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल असायचा. ती इंग्रजीत बोलायची, हे मराठीत. दोघांनी भाषा बदलल्याचं मी कधी ऐकलं नाही.

"बाबा, आर यू ईटिंग प्रॉपर्ली?"

"खातोय."

"रिअली?"

"पुरावा पाठवतो." मग जेवताना ते ताटाचा फोटो काढून पाठवत. फोटो काढल्यावर ताटातली भाजी पुन्हा कढईत टाकतानाही मी त्यांना पाहिलंय. पण ते माझ्याकडे बघून म्हणाले, "दुपारी खाईन," आणि दुपारी खरंच खाल्ली.

आता ते क्युपर्टिनोला मुलीकडे असतात आणि मी दुसऱ्या गावी, हर्नडनला. अधूनमधून मेसेज येतो, "मी ठीक. तुम्ही?" मी ताटाचा फोटो पाठवते.

महिन्यातून एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, काकांच्या बेसमेंटमध्ये सिनेमा असायचा. येणारे बहुतेक जण आई-वडील. म्हणजे इथल्या आयटीतल्या मुलांचे आई-वडील, जे व्हिसाच्या सहा महिन्यांसाठी येतात आणि नातवंडं शाळेत गेली की दिवसभर काचेतून रस्ता बघत बसतात. गाडी चालवता येत नाही, चालत जावं तर दुकान लांब, आणि टीव्हीवरच्या मालिका भारतात आधीच बघून झालेल्या. मुलं त्यांना काकांकडे सोडत आणि तेवढ्या वेळात आठवड्याची खरेदी उरकत. जिन्याशी चपलांची रांग लागायची, आणि घरात शिरताच सगळ्यांच्या डब्यांचा मिळून एक मेतकूट-लाडू-बेसनाचा वास यायचा, तो मंगळवारपर्यंत टिकायचा.

काकांचा एकच नियम होता. कोणत्याही दिग्दर्शकाचा फक्त पहिला सिनेमा दाखवायचा. देश कुठलाही चालेल. डीव्हीडी गावच्या लायब्ररीतून आणायची.

"पहिला सिनेमा माणूस कोणाला न घाबरता काढतो," ते सुरुवातीला उभं राहून सांगत. "पुढे त्याचं नाव होतं, मग ते सांभाळण्यात आयुष्य जातं. बसा."

पण सिनेमा परदेशी, खालची अक्षरं इंग्रजी आणि पळणारी. प्रेक्षकांपैकी अनेकांना इंग्रजी येत नव्हतं, ज्यांना येत होतं त्यांचे चष्मे साथ देत नव्हते. म्हणून काका आधी सगळा सिनेमा मराठीत लिहून काढत आणि मुलीच्या जुन्या कॅराओके सेटच्या माइकवरून वाचून दाखवत. पुरुषांची वाक्यं त्यांच्या आवाजात, बायकांचीही त्यांच्याच आवाजात, पण जरा चिरकी. इटलीतल्या एका दुःखी विधवेचं बोलणं त्यांनी तसं वाचलं, तेव्हा काकू मंडळी पदर तोंडाला लावून रडण्याच्या जागी हसली. काकांनी त्याची दखल घेतली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाईच्या आवाजाची गरज आहे. तुमचा आहे."

मी नाही म्हणाले. मग म्हणाले, "मी दिसणार असेन तर नाही."

"मग दिसू नका," काका म्हणाले.

अशी मी सेटचा दुसरा माइक घेऊन टाकीमागे गेले. शॉवरचा एक जुना पडदा दोरीवर टांगला होता, त्यावर बदकं होती आणि कडेला फट, तिच्यातून मला भिंत दिसायची. सगळे यायच्या आधी मी जाऊन बसायचे आणि सगळे गेल्यावर निघायचे. कोण वाचतं ते कोणाला सांगायचं नाही, असं मी काकांकडून कबूल करून घेतलं होतं. मला देवनागरी वेगाने वाचता येत नाही, शाळा इंग्रजी माध्यमाची. म्हणून काकांच्या कागदावरची माझी वाक्यं मी इंग्रजी अक्षरांत उतरवून घ्यायचे. लोक मला 'आतली बाई' म्हणत. नागपूरच्या आजींना वाटायचं की आवाज मशीनमधून येतो. "पण चांगली मशीन आहे हो," त्या म्हणायच्या.

लपण्याचं कारण सांगायला हवं. इथलं मराठी मंडळ लहान आहे. कुणाची तरी वहिनी माझ्या मावशीच्या सोसायटीत राहते, म्हणजे सकाळी मी इथे शिंकले तर रात्री कोथरूडला काढा सुचवला जातो. मी कमी बोलते, ही माझ्याबद्दल सगळ्यांना माहीत असलेली एकमेव गोष्ट होती. मला ती तशीच हवी होती. कमी बोलणाऱ्या मुलीबद्दल फार बोलता येत नाही.

तर आजी म्हणाल्या हात काढा, आणि काकांना ते लागलं. रागाने नव्हे. माहिती म्हणून.

"प्रेक्षकांमधून निरीक्षण आलं आहे," सोमवारी ते म्हणाले. आठवड्याच्या शेवटी त्यांनी लायब्ररीतून एक मेक्सिकोचा सिनेमा आणला. त्याचा दिग्दर्शक आज फार मोठा माणूस आहे. युद्ध, दुष्काळ, बाप-मुलगा अशा विषयांवर तीन-तीन तासांचे सिनेमे काढतो आणि बक्षीस घेताना हसत नाही. पण लॅबमध्ये काकांच्या शेजारच्या टेबलावर मेक्सिकोचे एक गृहस्थ होते, त्यांनी पूर्वी सांगितलं होतं की या माणसाचा पहिला सिनेमा प्रेमाचा आहे, चावट आहे आणि पलंगावर आहे. मुलाखतीत त्याचा विषय निघाला की तो पाणी मागतो.

काकांनी सिनेमाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "पुढील सिनेमा: मेक्सिको. विषय: पलंग. हात नाही."

गोष्ट साधी होती. मेक्सिको सिटीत पलंगांच्या दुकानात एक सेल्समन आहे. एक तरुण विधवा येते आणि म्हणते, डबलबेड परत घ्या, एकटीला फार मोठा होतो. तो म्हणतो, दोष असल्याशिवाय परत घेता येत नाही. मग दोष तपासायला तो तिच्या घरी जातो. दोष सापडत नाही, म्हणून पुन्हा जातो. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे ही दोघं त्या पलंगापर्यंत पोचायचा प्रयत्न करतात आणि दर वेळी दार वाजतं. कधी सासू, कधी नवऱ्याचा भाऊ, कधी गॅसवाला.

सिनेमाच्या आदल्या शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर आम्ही मराठी करायला बसलो. म्हणजे काकांनी लिहिलेलं मी वाचत होते. त्यांनी सगळा सिनेमा केमिस्टसारखा लिहिला होता. 'दोघांत आकर्षण निर्माण झाले आहे.' 'तापमान वाढते.' एका ठिकाणी ती बाई त्या माणसाला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणते. तिथे काकांनी लिहिलं होतं, 'मला आपल्या सहवासाची इच्छा आहे.'

"असं कोणी म्हणत नाही," मी म्हणाले.

"कशावरून?"

मी कागद त्यांच्याकडे सरकवला.

"मग काय म्हणतात?" पेनचं टोपण काढून त्यांनी विचारलं. एखाद्या द्रवाचा उत्कलनबिंदू विचारावा तसं.

मी विचार केला. इंग्रजीत माझ्याकडे भरपूर शब्द होते. कॉलेजमधून आलेले, मालिकांतून आलेले, ऑफिसातल्या पोरींकडून आलेले. त्यातला कुठलाही मी न लाजता म्हणू शकले असते, कारण ते माझे नव्हते. मराठीत मी आईशी बोलते, आजीशी बोलायचे आणि भाजीवाल्याशी बोलते. या तिघांपैकी कोणाशीही हा विषय निघालेला नव्हता. बाकी पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांतले शब्द होते, आणि आमच्या गल्लीत मुलं भांडताना ओरडायची ते होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मलाही नाही," काका म्हणाले. "आम्ही संसार केला, मुलगी झाली, मुलीचं लग्न केलं. शब्द कधी लागला नाही."

मी पाण्याचा घोट घेतला. काका कागदाच्या कडा जुळवत बसले. मग कोणी विचारलेलं नसताना बोलू लागले.

"डोंबिवलीला दोन खोल्या होत्या. आई, वडील, दोन भाऊ, एक आत्या. आत्याला झोप येत नसे. मग आम्ही मॅटिनीला जायचो. पडलेला सिनेमा बघून जायचं. चालणारा असला तर थिएटर भरलेलं, त्याचा काही उपयोग नाही. पेपरात वाचायचो कुठला सिनेमा वाईट आहे ते. नव्या माणसाचा पहिला सिनेमा असला की तो हमखास पडायचा. मागची रांग. अंधार. कोणी दार वाजवत नाही."

"कुठले सिनेमे होते?" मी विचारलं.

"माहीत नाही. आम्ही सिनेमे पाहिलेच नाहीत. तिकिटं काढली." काकांनी पेनला टोपण लावलं. "ती गेल्यावर वाटलं, समोर काय चाललं होतं ते एकदा बघून घ्यावं."

मी म्हणाले, "मग तुम्ही प्रोजेक्टरपुढे हात का धरता?"

"तेव्हा पडद्याकडे कोणी बघत नव्हतं. इथे सगळे बघतात," ते म्हणाले. मग म्हणाले, "शास्त्रीय कारण नाही."

ते वाक्य तसंच राहिलं. 'मला आपल्या सहवासाची इच्छा आहे.' मी ते इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतलं.

त्या रविवारी बेसमेंट कधी नव्हे इतकं भरलं. ज्यांचे गुडघे जिन्यापाशी कायम दुखायचे तेही भिंतीला धरून उतरले. पुरुष मागे भिंतीला टेकून उभे राहिले, आपण सहज आलोय असा चेहरा करून. नागपूरच्या आजी पहिल्या रांगेत. त्यांचा मुलगा म्हणजे आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. सगळे त्यांना दादा म्हणत. गणपतीच्या कार्यक्रमात कोणी कुठे बसायचं, कोणत्या नाटुकल्यात कोणता शब्द चालेल, हे दादा ठरवत. आईला सोडून ते खरेदीला गेले. काकांचा ग्रुप त्यांनी म्यूट केलेला होता.

सिनेमा सुरू झाला आणि मला टाकीमागे एक गोष्ट जाणवली. कोणी दचकत नव्हतं. सेल्समन आणि ती बाई पलंगाच्या काठावर बसले, तो तिच्या कानाशी गेला आणि सासूने दार वाजवलं.

"आली!" तीन-चार काकू एकदम म्हणाल्या. जणू तिला त्या ओळखत होत्या.

"आमच्या पण अशाच. आम्ही नुसतं हसलो तरी तिकडून खोकायच्या," एक काकू म्हणाल्या.

"तुमच्याकडे भिंत तरी होती. आमच्याकडे साडीचा पडदा," दुसऱ्या म्हणाल्या.

मागून एक काका घसा साफ करून म्हणाले, "आम्ही गच्चीवर जायचो. टाकी तपासायला." त्यांच्या बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, पण खोटं आहे असं काही म्हणाल्या नाहीत.

गॅसवाला आला तेव्हा तर टाळ्या पडल्या. "तिकडेही वेळ बघूनच येतो मेला." मेक्सिकोचा सिनेमा चालू होता आणि खाली नागपूर, सातारा, डोंबिवली बोलत होतं. काका प्रोजेक्टरच्या बाजूला उभे होते, दोन्ही हात खिशात. सेल्समनची वाक्यं ते नेहमीच्या सपाट आवाजात वाचत होते. "मॅडम, स्प्रिंगा उत्तम आहेत. मॅडम, लाकूडही उत्तम आहे. मॅडम, मी जाऊ की थांबू?" लोक हसून हसून डोळे पुसत होते. काकांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नसावं.

मग तो प्रसंग आला. ती बाई सासूला पोचवून परत येते. फोनची वायर काढते. दाराला कडी लावते, कडीखाली खुर्ची टेकवते. मग त्याच्याकडे वळते. मी आधी हा प्रसंग लॅपटॉपवर पाहिला होता, पण भिंतीवर तिचा चेहरा मोठा दिसत होता. त्यात लाडिकपणा अजिबात नव्हता. ती दमलेली होती. स्वतःच्याच घरात स्वतःची वेळ यायची वाट बघून दमलेल्या बाईचा चेहरा होता तो. माझ्या हातातल्या कागदावर 'सहवासाची इच्छा' लिहिलेलं होतं. मी ते वाचायला तोंड उघडलं आणि मला ते वाचता येईना.

"मला तू हवायस," मी म्हणाले. "आता कोणीही दार वाजवलं तरी मी उघडणार नाहीये. ये."



"हं," आजी म्हणाल्या. "आता बोलली बाई."

पुढचं वाक्य सेल्समनचं होतं. ते आलं नाही. इतक्या महिन्यांत काकांचं वाक्य कधी चुकलं नव्हतं. भिंतीवर सेल्समनचे ओठ हलून थांबले, आणि मग थोड्या वेळाने काकांचा आवाज आला. "आलो."

तेवढ्यात दिवे लागले.

दादा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते, एका हातात दुधाचा कॅन आणि दुसरा हात स्विचवर. ते पुढे आले आणि त्यांनी प्रोजेक्टरजवळचं बटण दाबून सिनेमा थांबवला. भिंतीवर ती दोघं तशीच राहिली, त्याच्या शर्टाचं एक बटण तिच्या बोटांत.

"काका, हे काय चाललंय?"

"सिनेमा," काका म्हणाले.

"माझी आई बसलीय इथे!"

"हो. पहिल्या रांगेत. त्यांना लांबचं दिसत नाही."

"अरे लाव ना तो, मधातच काहून बंद केलं?" आजी म्हणाल्या.

"आई, तू वर चल."

"गुडघे दुखतेत माझे. आत्ता तर उतरली."

दादांनी दुधाचा कॅन खाली ठेवला. पडद्याच्या फटीतून मला त्यांचे बूट दिसत होते. "आतून ती कोण बोलत होती? आत्ता, ते... ते वाक्य?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे? मी स्वतः ऐकलं. मुलीचा आवाज होता."

"आवाज होता," काका म्हणाले. "मुलगी कोणी नाही."

"मशीन आहे ती," आजी म्हणाल्या.

"आई, प्लीज." दादांचा आवाज खाली आला आणि तो जास्त वाईट होता. "काका, ही असली वाक्यं कोण लिहितं? तुम्हीच ना?"

"मी लिहितो."

"हे पण तुम्हीच लिहिलंत? हे आत्ताचं?"

मला माहीत होतं की काकांकडे कागद आहे. त्यावर त्यांच्या अक्षरात 'सहवासाची इच्छा' आहे. तो कागद त्यांनी पुढे केला असता तर विषय तिथे संपला असता. मिठाची बरणी चाखल्याशिवाय लेबल न लावणारा माणूस होता तो.

"हो," काका म्हणाले. "सगळी वाक्यं माझी आहेत."

"एकटे राहता तुम्ही," दादा म्हणाले. "घरात तरुण मुली भाड्याने ठेवता. आणि त्यांच्यातल्या कोणाकडून तरी हे असलं बोलवून घेता, आमच्या आयांसमोर? तुम्हाला कळतंय का हे कसं दिसतं? मी मंडळाच्या ग्रुपवर टाकणार आहे. उद्यापासून कोणी आपल्या आई-वडिलांना इथे पाठवणार नाही. आणि ती मुलगी जी कोण असेल, तिच्या घरच्यांना कळवायला लागेल."

एका काकूंनी स्वेटर उचलला. त्यांच्या शेजारच्यांनी पर्स घेतली. गच्चीवर जाणारे काका जिन्याच्या दिशेने सरकले. सगळे मुलांच्या गाड्यांतून आलेले आणि मुलांच्या गाड्यांतून जाणार होते, मुलांच्या घरी राहत होते. मला त्यांचा राग आला नाही. काका प्रोजेक्टरजवळ उभेच होते. हात खिशात. चेहरा नेहमीचाच, फक्त ते भिंतीकडे बघत होते, त्या दोघांकडे.

मी मावशीचा विचार केला. आईचा केला. कोथरूडमधल्या त्या वहिनीचा केला, जी सकाळी उठताच फोन उचलणार होती. एवढ्या सगळ्यांना उत्तर द्यायला लागणार होतं, आणि माझ्याकडे कशाचाच पुरावा नव्हता. मग मी बदकांचा पडदा बाजूला केला आणि बाहेर आले. अंगात घरचा टी-शर्ट होता, त्याला पाण्याच्या टाकीचा गंज लागलेला. माइक हातातच राहिला होता.

"अगं बाई," स्वेटरवाल्या काकू म्हणाल्या, "ही तर वरच्या खोलीतली. ती बोलत नाही ती."

दादा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. काका हळूच म्हणाले, "तुम्ही आत जा. गरज नाही."

माइक चालू आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्यामुळे मी बोलले ते सगळ्या बेसमेंटभर झालं.

"ते वाक्य काकांनी लिहिलेलं नाही, ते माझं आहे. त्यांनी वेगळं लिहिलं होतं, मला ते म्हणायचं नव्हतं. घरी कळवायचं असेल तर कळवा, नंबर मी देते. आता दिवे बंद करा दादा, पुढचं वाक्यही माझंच आहे."